सुकतीच्या वेळचा नमुना

गोठिवलीच्या गावठाणात, दोन चाळींच्या फटीत
एक बाव आहे. वर जाळी, जाळीला कुलूप,
चावी धाकलीबाय मढवींच्या कनवटीला.

मी तीनदा आले.
तीनदा प्रोब खाली सोडला, फूट फूट टेप मोजत,
तीनदा तो पाण्याला टेकून टुक, टुक, टुक वाजला.
तेल असलं की तो असा तुटत नाही,
रिसीव्हर बाजूला काढून ठेवलेल्या फोनसारखा
सलग वाजत राहतो.
तीनदा लिहिलं: तेलाचा थर आढळला नाही.

ती म्हणाली, रोज नाय येत गो वास.
आवसे-पुनवेला येतंय. सुकतीचे टायमाला.
मी मान हलवली, साहेब लोक हलवतात तशी,
आणि वहीत काही लिहिलं नाही.

वरच्या अंगाला, रस्त्याकडेला, बंद पडलेला पंप.
छत उतरवलंय, नोझल कुणी नेल्यात,
हवा भरायच्या मशीनचा खांब तेवढा उभा.
रईस ऑगर फिरवतो. आधी दोन फूट भराव:
विटा, लादीचे तुकडे, एक चप्पल.
मग मुरूम, तांबूस, कोरडा.
अकरा फुटांवर मुरमाचा रंग जातो,
हिरवट राखाडी होतो,
बरेच दिवस पट्टीत राहिलेल्या बोटासारखा.
"मॅडम, लागलं," रईस म्हणतो, मशीनच्या आधी.
नमुना हुंगायचा नाही असा नियम आहे.
आम्ही हुंगला नाही.
वासच उठून आमच्याकडे आला.

पंपाच्या मालकाने जुनी रजिस्टरं दिली, खुशीने नाही.
रोज सकाळी टाकीत दांडा बुडवून घेतलेली मापं,
वळणदार अक्षर, खाली सही: द. शं. टेंबुलकर.
तफावत नऊ लिटर. कारण: बाष्पीभवन.
तफावत अकरा लिटर. कारण: बाष्पीभवन.
गणपतीत चार दिवस पान कोरं,
पाचव्या दिवशी एकदम बेचाळीस.
कारण तेच.
अशी सहा वर्षं.
टेंबुलकर, तुमच्या पंपावर
जानेवारी आणि मे एकच होते का हो?
वर जातं ते बाष्प.
हे खाली गेलं,
टाकीच्या बुडाला पडलेल्या राईएवढ्या भोकातून,
मुरमातून, काळ्या खडकाच्या भेगांतून,
उतार सापडेल तसं,
धाकलीबायच्या बावेकडे.

चौथ्यांदा मी पंचांग बघून आले.
अमावास्या, पहाटेचे सहा.
रुळांपलीकडे खाडी इतकी मागे सरलेली
की जिथे एरवी पाणी, तिथे बगळे चालत होते.
बावेतलं पाणी वीतभर उतरलेलं.
तिने कुलूप काढलं. बोलली काही नाही,
बॅटरी धरली माझ्या हातावर.
प्रोब सोडला
आणि तो वाजला,
सलग.

बेलर वर काढला. पारदर्शक नळी,
खाली पाणी, पाण्यावर चार मिलिमीटर
कोऱ्या चहाच्या रंगाचं काहीतरी.
दिसायला देखणं होतं. हे अहवालात लिहिता येत नाही.
तिने नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"आता तुजे मशीनला पन वास आला."

"साफ व्हयाला किती दिस?"
दिवसांचा आकडा माझ्याकडे नव्हता.
वर्षांचा होता, तो मी सांगितला नाही.
म्हटलं, उपसा करू, मोजत राहू, बघू.
ती म्हणाली, ही बाव माजे सासऱ्याने सुरुंग लावून खनली.
पानी लागाला अख्खा उन्हाला जेला.
एवढंच बोलून ती जाळी लावायला वाकली.

अहवालात रकाने आहेत: खोली, तारीख, थराची जाडी,
वास होय/नाही.
तिथीचा रकाना नाही.
मी समासात पेनाने लिहिलं: आवस, सुकती,
माहिती देणार धाकलीबाय हाशा मढवी.
ऑफिसातून फोन आला,
मॅडम, समासातलं हे टाइप करताना गाळू का?

पुनवेला परत जायचंय.
रईसला सांगितलंय, साडेपाचला ये, उपाशी ये,
चहा तिच्याकडे असतो.
पाणी नळाचं.